उकिरड्याची दैना फिटली

पायाखालची जमीन संपते आणि ग्रावे सुरू होते. डोंगर नाही, दरी नाही, तिच्या असण्याची कसलीच चाहूल नाही. सपाट माळ, लालसर माती, ऑलिव्हची वाकडीतिकडी जुनी झाडं, चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून घातलेले गडगे, आणि या सगळ्याच्या मधोमध जमिनीला पडलेलं एक भगदाड. काठावरून डोकावलं तर तळ लगेच दिसत नाही. डोळे सरावले की हळूहळू तिचा अंदाज येतो. 60 मीटर खोल, 100 मीटर लांब, 50 मीटर रुंद. तोंड लहान आणि पोट मोठं. काठावर झुडपं उगवलेली, आत पाखरांची ये-जा.

इटलीच्या आग्नेय टोकाला, पुलिया प्रांतात, बारी शहरापासून सुमारे 40 किलोमीटरवर कास्तेल्लाना ग्रोत्ते नावाचं गाव आहे. ही त्या गावची ग्रावे. पुलियात जमिनीत सरळ खाली उतरलेल्या विवराला सरसकट ग्रावे म्हणतात, त्यामुळे अशा ग्रावे त्या भागात पुष्कळ आहेत. कास्तेल्लानात मात्र नुसतं 'ग्रावे' म्हटलं की हीच. गावात एकच पाटील असला की त्याचं नाव घ्यावं लागत नाही, तसं.

आज जगभरातली माणसं तिकीट काढून तिच्या पोटात उतरतात. पण तिच्या लांबलचक आयुष्याच्या शेवटच्या टोकावरचा अगदी चिमूटभर काळ असा मानाचा गेला आहे. त्याआधी शतकानुशतकं तिची गावात फार वाईट ख्याती होती. संध्याकाळी त्या बाजूला कुणी फिरकत नसे. थंडीच्या दिवसांत तिच्या तोंडातून पांढुरक्या वाफा वर येताना दिसत. लोक म्हणत, ज्यांनी तिच्यात उडी घेऊन जीव दिला त्यांचे हे आत्मे. स्वर्गाकडे निघालेत, पण पोचत नाहीत. त्यात दिवस मावळताना वटवाघळं बाहेर पडायची. मग ती नरकाचं दार असल्याबद्दल कुणाला शंका उरावी तरी कशाला?

त्या वाफांचं कारण साधं आहे. जमिनीच्या पोटातली हवा बारा महिने जवळपास एकाच उबेची असते आणि ओलाव्याने भरलेली असते. बाहेर कडाक्याची थंडी पडली की आतली ऊबदार ओली हवा वर चढते, गार हवेला भिडते आणि तिचं धुकं होतं. ग्रावे श्वास सोडत होती, एवढंच. पण तो श्वास नुसता तिच्या उघड्या पोटातून यावा इतका थोडा नव्हता. तिच्यामागे आणखी फार मोठी पोकळी आहे याची ती खूण होती आणि ती खूण ग्रावे दर हिवाळ्यात गावाच्या डोळ्यांसमोर धरत होती. गावाने त्यात भुतं पाहिली.

भीती एकीकडे आणि सोय दुसरीकडे. ज्या खड्ड्याला तळ दिसत नाही तो खड्डा माणसाला एकाच कामासाठी आठवतो. गावाने ग्रावेत घाण टाकली. पुलिया हा द्राक्षांचा आणि ऑलिव्हचा मुलूख. दारू गाळल्यावर उरलेला द्राक्षांचा चोथा, नको असलेलं सडकं-कुजकं, सगळं तिच्यात लोटलं जायचं. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, असं आपल्याकडे म्हणतात. ग्रावेला बाराने भागलं नाही. तिला कित्येक पिढ्या थांबावं लागलं.

आणि थांबणं हा तर तिचा स्थायीभाव. तिच्या जन्माची गोष्ट ऐकली की आपल्या घाईची लाज वाटते. मुर्जे नावाचं हे पठार चुनखडीचं आहे. डायनासोर जमिनीवर हिंडत होते त्या काळात इथे उथळ उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी शंख-शिंपल्यांचा आणि चुन्याच्या गाळाचा थरावर थर बसत गेला. त्याचाच हा दगड झाला. पुढे जमीन वर उचलली गेली आणि दगडाला भेगा पडल्या. पाऊस पडला की पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आंबट होतं, आणि आंबट पाणी चुनखडीला विरघळवतं. अगदी थोडं, पण न थांबता. भेगांच्या फटी झाल्या, फटींच्या कपारी, कपारींची दालनं. मुर्ज्यांवर आज एखादी नदी शोधायला निघालात तर निराश व्हाल. जे पाणी वरून वाहायचं ते सगळं जमिनीने गिळलंय. या मुलखाच्या नद्या म्हणजे खालच्या अंधारातले रस्ते.

मराठी वाचकाला गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ आठवतात. ती माणसाने छिन्नी-हातोड्याने बसाल्टमध्ये कोरलेली लेणी. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड पाण्याला असा विरघळत नाही, म्हणून अशी पाण्याने पोखरलेली गुहा आपल्याकडे घाटात सापडत नाही. तिच्यासाठी चुनखडीच लागते. विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी बोर्रा गुहा पाहिल्या असतील, त्यांना ही जात ओळखीची वाटेल.

तर अशा दालनांपैकी एक दालन फार मोठं झालं. पाणी खाली निघून गेलं की दालन रिकामं होतं आणि छताला खालून असलेला पाण्याचा टेकू जातो. मग छताचे थर एकामागून एक सुटून पडायला लागतात. पडलेला प्रत्येक थर वरच्या थराला उघडा पाडतो. असं करत करत पोकळी वर वर सरकते, जमिनीच्या अगदी जवळ येते, आणि एक दिवस उरलेलं पातळ छप्परही कोसळतं. ज्या क्षणी ते कोसळलं त्या क्षणी ग्रावे जन्मली. तो दिवस पाहायला गाव नव्हतं. त्या क्षणी लाखो वर्षांच्या त्या अंधारात पहिल्यांदा सूर्य उतरला.

मला तिच्या स्वभावातली मुख्य गोष्ट ही वाटते. ती बांधलेली नाही, कोसळलेली आहे. पुढची तीन किलोमीटरची सगळी श्रीमंती तिच्या मागे कुलूपबंद होती आणि दार असं काही नव्हतंच. तिचं छप्पर पडलं म्हणून दार झालं.

ते दार उघडं आहे हे कळायला मात्र माणूस खाली उतरायला हवा होता. 18व्या शतकात गावातली काही धाडसी पोरं उतरली होती, असं सांगतात. पण ती वर आली आणि गोष्ट तिथेच राहिली. पुढे 1938 साल उजाडलं. बारीच्या पर्यटन मंडळाला आपल्या जिल्ह्यात लोकांना दाखवण्याजोग्या गुहा हव्या होत्या. त्यांनी फ्रांको अनेल्ली यांना बोलावलं. अनेल्ली उत्तरेकडच्या लोदीचे आणि गुहांचे अभ्यासक. तेव्हा ते पोस्तुमियाच्या प्रसिद्ध गुहांशी जोडलेल्या संस्थेत काम करत होते. ते पोस्तुमिया म्हणजे आजच्या स्लोव्हेनियातलं पोस्तोयना. गुहेत उतरणं हा त्यांचा रोजचा धंदा होता. ग्रावेबद्दलची भुतांची कहाणी त्यांना लहानपणी कुणी सांगितलेली नव्हती, हेही तितकंच महत्त्वाचं.

23 जानेवारी 1938 रोजी अनेल्ली खाली उतरले. तळाला पडझडीच्या दगडांचा ढीग, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची घाण. साधा पाहणी करणारा माणूस मापं घेऊन वर आला असता आणि अहवालात लिहून मोकळा झाला असता. त्यांनी भिंती पाहिल्या, कोपरे पाहिले. एका बाजूला एक वाट दिसली. त्या वाटेने आत गेले आणि हातातला दिवा वर धरला. समोर एक प्रचंड दालन होतं. जमिनीतून उठलेले चुन्याचे खांब, छतातून उतरलेले झुंबरासारखे लोंबते सुळके, आणि त्यांच्यावर पडलेला इतिहासातला पहिला उजेड. आज त्या दालनाला स्मारकांची गुहा म्हणतात. खांबांची ती दाटी पाहिली की नाव पटतं.

अनेल्लींसारख्या परगावच्या विद्वानाचं नाव अशा गोष्टीत मोठं होतं आणि ते व्हायलाच हवं. पण कास्तेल्लानात आणखी एक नाव तितक्याच आदराने घेतात, वितो मातारेसे. हा गावचाच माणूस. दोनच दिवसांनी अनेल्ली परत आत गेले तेव्हा मातारेसे सोबत होते, आणि त्यानंतर त्यांनी ती गुहा सोडली नाही. दोराच्या, दिव्याच्या आणि स्वतःच्या छातीच्या भरवशावर ते पुढे पुढे सरकत राहिले. 1940 मध्ये अगदी शेवटच्या टोकाची श्वेतगुहा हाती लागली. ज्या गावाने ग्रावेकडे पाठ फिरवली होती त्याच गावच्या माणसाने तिचा शेवटचा कोपरा उजेडात आणला, याचं मला फार समाधान वाटतं. बाहेरच्याने दार दाखवलं, घरच्याने घर पाहिलं.

आता ग्रावेत उतरायला दोर लागत नाही. पायऱ्यांनी खाली जायचं. वर उन्हाळ्याची काहिली असली तरी थोडं उतरताच अंगावर गारवा येतो. आत सोळा-अठरा अंशांच्या आसपास तापमान बाराही महिने असतं आणि दमटपणा इतका की कठड्याला हात लावला तर ओला होतो. वळणावळणाने खाली येता येता वाट एकदम सुटते आणि आपण ग्रावेच्या तळाशी उभे असतो.

इथे मान वर करावीच लागते. साठ मीटर वर आकाशाचा एक वेडावाकडा तुकडा आहे आणि त्याच्या काठाने पानांची झालर. दुपारी सूर्य डोक्यावर आला की त्या तुकड्यातून उन्हाचा एक झोत सरळ खाली उतरतो. हवेतले पाण्याचे सूक्ष्म कण त्यात उजळून निघतात, म्हणून तो झोत नुसता दिसत नाही, त्याला अंग आहे असं वाटतं. तळावरच्या दगडावर त्याचा लख्ख ठिपका पडतो आणि तो ठिपका सरकतो. पाच मिनिटं टक लावून पाहिलं तर सरकलेला कळतो. एखादं कबूतर त्या झोतातून आरपार जातं, क्षणभर पांढरंशुभ्र होतं आणि पलीकडच्या अंधारात विझतं. वरून एखादा थेंब सुटतो. तो पडताना डोळ्यांनी पाठलाग करता येतो आणि खाली टपकल्याचा आवाज त्यानंतर येतो.

ग्रावेच्या भिंती नीट पाहाव्यात. इथले चुन्याचे सुळके पुढच्या दालनांसारखे नितळ नाहीत. वारा, ऊन, पाऊस सगळं त्यांच्यापर्यंत पोचतं, त्यामुळे ते खडबडीत आहेत आणि त्यांच्यावर शेवाळाचा हिरवा थर चढलेला आहे. उजेडाकडच्या बाजूला हिरवा गडद, पाठीकडे राखाडी. वयाच्या आणि सोसण्याच्या खुणा अंगावर असलेला हा चेहरा आहे. बहुतेक लोक इथे दोन-चार फोटो काढून पुढे सरकतात.  पण फोटो काढणं आणि पाहणं यात फरक आहे, आणि ग्रावेच्या वाट्याला पाहणं थोडं येतं.

पुढची वाट सुंदर आहे, यात वाद नाही. स्मारकांची गुहा, मग लांडगीण, घुबड, छोटी मारिया अशी नावं दिलेले दगडी आकार. नागाची बोळ, कडा, वाळवंटाची बोळ, पिसाचा मनोरा, घुमट. मातीतल्या लोहाने रंगलेली तांबडी बोळ. ही नावं सांगताना मार्गदर्शक दिव्याचा झोत त्या त्या ठिकाणी टाकतात आणि मुलं ओरडून ओळखतात. शेवटी श्वेतगुहा. तिथला कॅल्साइट इतका शुद्ध आहे की दिवा लागताच सगळं दालन खडीसाखरेसारखं चमकतं. गुहेची खोली जमिनीपासून 122 मीटरपर्यंत जाते आणि सगळी लांबी तीन किलोमीटरहून अधिक भरते. पूर्ण फेरीला दोनेक तास लागतात.

याच अंधारात एक जीव राहतो, तो कुणाला सहसा दाखवला जात नाही. लाकडाखाली सापडणाऱ्या, खेकडा-कोळंबीच्या कवचधारी वर्गातल्या बहुपाद जीवांच्या नात्यातला, बारीकसा, रंग हरवलेला. प्राणिशास्त्रज्ञांनी 1939 मध्ये त्याची नोंद केली तेव्हा नावात अनेल्लींची आठवण ठेवली, मुर्जेओनिस्कुस अनेल्ली. डोळ्यांचा उपयोगच नसलेल्या जागी जगताना त्याच्या कुळाने रंग आणि नजर दोन्ही सोडून दिलं. श्वेतगुहेची चमक पाहायला आपण लांबून येतो आणि तिथला मूळ रहिवासी ती कधीच पाहत नाही.

एवढं सगळं पाहूनही मी ग्रावेच्याच बाजूने आहे. श्वेतगुहेला कधी कुणी शिवी दिली नाही, तिच्यावर कधी घाण पडली नाही. ती पहिल्यापासून अंधारात सुरक्षित राहिली आणि सापडली त्या दिवसापासून कौतुकाचीच झाली. ग्रावेने मात्र ऊन-पाऊस, भीती, बदनामी, चोथा सगळं घेतलं आणि मागचं दार जपलं.

गावाने परतफेड केली, हेही सांगायला हवं. पूर्वी हे नुसतं कास्तेल्लाना होतं. 1950 मध्ये त्याच्या नावाला ग्रोत्ते जोडलं गेलं. गावाने आपल्या पाटीवर गुहा लिहिल्या. गुहांसमोरच्या चौकाला अनेल्लींचं नाव आहे आणि शेजारच्या गुहाविज्ञान संग्रहालयालाही. बारीहून येणाऱ्या छोट्या रेल्वेला गावाचं स्टेशन आहे, तसं गुहांचंही वेगळं स्टेशन आहे. ग्रावेच्या तळावर आता दान्तेच्या नरकावर आधारलेला नाट्यप्रयोगही होतो. ज्या खड्ड्याला लोक खरंच नरकाचं दार मानत, तिथेच आता रंगभूमीवरचा नरक तिकिटाने पाहता येतो.

या गावाचं जानेवारीशी काही वेगळंच नातं आहे. 17व्या शतकाच्या शेवटी इथे प्लेगची साथ आली. वेत्राना मातेच्या, म्हणजे मेरीच्या कृपेने, तिच्या समईतल्या तेलाने ती हटली, अशी गावाची श्रद्धा आहे. त्याची आठवण म्हणून दर वर्षी 11 जानेवारीच्या संध्याकाळी गल्लोगल्ली लाकडांचे उंच ढीग पेटवतात. त्यांना फानोवे म्हणतात. शेकोटीभोवती माणसं जमतात, वाइन आणि हरभरे-वाल हातोहाती फिरतात. ऐन थंडीत गाव रोगराई जाळतं आणि त्याच महिन्यात, 23 तारखेला, ग्रावेच्या नशिबाचंही पान उलटलं. हा योगायोगच आहे, पण गावाला तो आवडतो आणि मलाही.

गुहांजवळच्या कॅफेत एक म्हातारे गृहस्थ भेटले. मी भारतातून आलोय कळल्यावर ते बोलत बसले. "माझी आजी सांगायची, तिन्हीसांजेला ग्रावेकडे बघायचंसुद्धा नाही," ते म्हणाले. "आणि आज माझी नात तिथेच नोकरी करते. रोज उतरते." एवढं बोलून त्यांनी कपातली कॉफी संपवली. आजीचं खरं की नातीचं, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसला नाही. दोघी त्यांच्या घरच्याच होत्या.

काळजी वाटते ती पुढची. चुनखडीच्या मुलखात वर सांडलेलं खाली पोचतं. शेतातलं औषध असो, गटाराचं पाणी असो, ज्या भेगांतून पावसाचं पाणी झिरपतं त्याच भेगांतून तेही झिरपतं. पुलियाचं भूजल याच दगडातून जातं. ग्रावेत टाकलेला चोथा निदान डोळ्यांना दिसायचा. आताची घाण दिसत नाही. शिवाय आत लावलेल्या दिव्यांच्या उजेडात शेवाळ उगवतं आणि पांढऱ्या दगडावर हिरवे डाग पडतात. माणसाच्या हाताचा तेलकटपणा सुळक्यावर बसला की त्या जागी चुना नीट चिकटत नाही आणि तिथली वाढ थांबते. एखादा सुळका एक सेंटीमीटर वाढायला शंभर वर्षंही घेतो. आपला एक स्पर्श त्यातलं किती बिघडवतो याचा हिशेब हात पुढे करण्याआधी करावा.

कास्तेल्लानाला जाणार असाल तर दुपारच्या सुमाराची फेरी घ्या, म्हणजे उन्हाचा झोत दिसेल. उन्हाळ्यातही अंगावर एखादं जाकीट आणि पायात न घसरणारे बूट असू द्या. छोटी फेरी घेऊन परत फिरू नका, पूर्ण घ्या. दगडांना हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. आणि पायऱ्या उतरून ग्रावेत आलात की घोळक्याबरोबर लगेच पुढे धावू नका. श्वेतगुहा कुठे जात नाही. आधी ग्रावेकडे नीट पाहा.